दंडावरची पाच बोटं

सर्जेराव मामा प्रेताला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. नंतर तर सगळेच धुतात. मी विचारलं तर म्हणाले, "आपली घान त्यायला कावून लावायची?" बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ते शवविच्छेदनाचे मदतनीस होते आणि मी नवी डॉक्टरीण. मेंढरं भावांच्या हवाली करून मामा शवविच्छेदनाच्या खोलीत आले, ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

मी त्या वेळी काय नग होते, ते नातीला कळलं तर ती माझ्या पाया पडायची थांबेल. कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये तीन पेनं आणि डोक्यात जिल्हा सुधारायचं वारं. शवविच्छेदनाच्या अहवालात एकाच जखमेला एका तालुक्यात 'खरचटले' लिहीत, दुसऱ्यात 'ओरखडा', तिसऱ्यात भलतंच. वकील त्यावरून कोर्टात डॉक्टरांची सालं काढत. वरिष्ठांनी सर्वांसाठी शब्दांची एकच यादी करायला सांगितली आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. खरचटण्याचं 'घर्षणक्षत' केलं आणि मामांना ऐकवलं.

"बाई, ही जखम हाय का आरती? ज्याचं मानूस गेलं त्याला कळंल असं ठिवा की."

मी हसले. चौथी शिकलेल्या माणसाचं काय ऐकायचं! माझी लाडकी ओळ वेगळीच होती: दोन सेंटिमीटरहून लहान खुणांना एकच शब्द, 'किरकोळ'. वेळ वाचतो, गोंधळ टळतो.

यादी लागू झाली त्याच महिन्यात चौसाळ्याकडच्या एका विशीतल्या सुनेचं प्रेत आणलं. विहिरीवर पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते. मी भराभर लिहीत होते. मामांनी तिचा दंड हळूच वळवला.

"हिकडं बघा, बाई. ह्या अंगाला चार, त्या अंगाला एक. बोटं हायत ही. कुनीतरी लई दाबून धरलं व्हतं."

पाचही डाग मोजले. दोन सेंटिमीटरच्या आत भरले. मी लिहिलं: दंडावर किरकोळ खुणा.

"किती, कुठं, ते न्हाई लिवायचं?"

"मग यादी कशाला केलीय, मामा?"

मामांनी सुई-दोरा घेतला. टाके घालायला त्यांनी इतका वेळ लावला की मी बाहेरून दोनदा हाक मारली. तो वेळ ते मला लिहिलेलं बदलायला देत होते, हे मला कुठलं कळायला!

तिच्या आईनं तक्रार केली, खटला उभा राहिला. साक्षीत मी बोटांचं सगळं सांगितलं. आरोपीच्या वकिलांनी माझाच अहवाल माझ्यापुढे धरला. "यात कुठे आहे हे?" देह तर केव्हाच जळून गेला होता. सासरचे सुटले. कोर्टाबाहेर आईनं मला गाठलं. "बाई, तुमी बघितलं व्हतं ना?" मी मान खाली घालून जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी मी चिडले कुणावर, तर मामांवरच. "माझ्यावर ओरडायचं होतं तुम्ही!"

"मी बोललोतो की. तुमी लिवत होता."

ती ओळ मी यादीतून काढली. पुढचा प्रत्येक शब्द आधी मामांना ऐकवला. ते "हां" म्हणाले तरच ठेवला.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तेव्हा ते घरच्यांनाही ओळखत नव्हते. मला मात्र म्हणाले, "बाई, त्या पोरीची माय भाईर बसलीय. सांगितलं का तिला?"

"सांगितलं, मामा."

त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले.

भेटीच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर कुणीही नव्हतं, हे मी येतानाच पाहिलं होतं. तरी मी मागच्या दारानं बाहेर पडले.