पेल्यावर ठेवलेला हात

अप्पांना साठीनिमित्त जेवायला नेते, असं मी घरात सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या तीन-चार मुलींनी एका नव्या रेस्टॉरंटचे फोटो टाकले होते. मोठी काळी प्लेट, मधोमध एवढासा पदार्थ, बाजूला रंगाचा एक फटकारा. तिथे पदार्थ आपण निवडायचे नसतात. ते नऊ वाढतात, आपण नऊ खायचे. मला जायचं होतं आणि एकटीने जायचं धाडस नव्हतं. तेवढ्यात अप्पांची साठी आली.

आई आली नाही. "नऊ वेळा वाढणार म्हंजे नऊ वेळा ताट बदलणार? ती भांडी घासतंय कोण?" ती म्हणाली. "तुमी दोघं जा. मी भाकऱ्या करून ठेवते. आल्यावर भूक लागंलच की."

अप्पांचं सोलापूरच्या नवी पेठेत ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. भिंतभर रंगांचे गठ्ठे. बायका साडीचा पदर पुढे करतात, अप्पा न बघितल्यासारखं बघतात आणि वरच्या फळीवरून एकच तुकडा ओढतात. दुसरा ओढायची वेळ सहसा येत नाही. त्या रविवारी दुपारी त्यांनी दुकान बंद ठेवलं, पांढरा शर्ट इस्त्री केला आणि मला विचारलं, "खोचू का बाहेर ठेवू?" मी म्हटलं, खोचा.

आमच्या घरातली एक रीत इथेच सांगायला हवी. जेवण झालं की अप्पा पेल्यातलं थोडं पाणी ताटात ओततात, बोटाने कडेकडेने फिरवतात, आमटीचा ओघळ, भाकरीचा चुरा, चटणीचे कण सगळं गोळा करतात आणि ताट तोंडाला लावून पितात. त्यांचे वडीलही तसंच करायचे. लिंगायतांच्या बऱ्याच घरांत जुनी माणसं करतात. जेवण म्हणजे प्रसाद, त्याचा कण खरकट्यात जाऊ द्यायचा नाही. अप्पांचं ताट घासायला पडतं तेव्हा ते घासलेलंच असतं, असं आई म्हणते.

लहानपणी मीही तसंच करायचे. चौथीत शाळेतली एक मैत्रीण घरी जेवायला आली. अप्पांना ताट पिताना बघून तिने मला हळूच इंग्रजीत विचारलं, तुझ्या डॅडींकडे ग्लास नाहीये का? त्या दिवसापासून मी ते सोडलं. अप्पांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी कारण विचारलं नाही.

रेस्टॉरंटमध्ये एकच लांब टेबल होतं, बारा माणसांचं. आमच्यासमोर येऊन बसल्या त्या माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या टीचर, शेजारी त्यांचे मिस्टर. टीचरनी मला लगेच ओळखलं. खिडकीजवळ बसणारी गप्प मुलगी तूच ना, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि अप्पांची ओळख करून दिली. "माय फादर. ही इज इन टेक्स्टाइल्स."

अप्पांनी हात जोडले. मग मेनूचं कार्ड उलटं करून मागची बाजू बघितली. "भाव कुटं लिवलाय?"

"अप्पा, हळू."

"हळूच बोललो की."

पहिला पदार्थ गुळगुळीत दगडावर आला. पापडासारखा चौकोन, त्यावर पांढरा ठिपका. वेटर काय काय सांगत होता आणि अप्पा हातात हात गुंफून प्रवचन ऐकावं तसे ऐकत होते. एका घासात पदार्थ संपला. दगडाकडे बघून ते माझ्या कानाशी म्हणाले, "आता ह्यो खायचा का ठेवायचा?"

दुसरी प्लेट बिटाची होती. "राणी कलर," अप्पा म्हणाले. "पक्का न्हाय. पहिल्या धुण्यात जातोय." तिसरीत मटाराच्या रसाचा हिरवा ओढा होता. तो पोपटी की रामा हिरवा यावर त्यांनी बराच विचार केला, प्लेट उजेडाकडे तिरपी करून बघितली आणि पोपटीवर शिक्कामोर्तब केलं. मी तोंड मिटून हसत होते. ती दुपार सगळीच वाईट गेली असं कोणाला वाटू नये म्हणून हे लिहिते आहे. चौथ्या प्लेटपर्यंत आम्ही दोघंही मजेत होतो.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून ऐकू येत होती. अप्पा चमच्याने प्लेट खरवडत होते. चिनी मातीवर स्टीलचा तो आवाज प्रत्येक वेळी मला फार मोठा वाटायचा. वेटर प्लेट उचलायला आला की अप्पा म्हणायचे, "थांबा की, राहिलंय." वेटर हसून थांबायचा. मी टीचरकडे बघायचे.

पाचवं वांगं होतं. साल काढलेलं, खाली तीळ-शेंगदाण्याचा दाट तपकिरी रस. अप्पांनी पहिला घास घेतला आणि खुर्चीत जरा सरळ झाले. "हे जमलंय," ते म्हणाले. रंग सांगितला नाही, टीचरच्या मिस्टरांकडे बघून हसले नाहीत. घरी जेवतात तसे जेवले. वांगं संपलं आणि प्लेटला रस लागून राहिला. चमच्याने तो येईना. त्यांनी पाण्याचा उंच ग्लास उचलला आणि प्लेटवर कलता केला. ते मुद्दाम केलं नव्हतं, हातच तसा गेला होता.

मी ग्लासाच्या तोंडावर तळहात ठेवला.

"अप्पा, प्लीज. नॉट हिअर."

पाणी माझ्या तळव्याला लागलं. अप्पांनी ग्लास सरळ केला आणि जिथून उचलला होता, बरोबर तिथेच ठेवला. इंग्रजी मी ऑफिसच्या फोनवर बोलते. अप्पांशी त्याआधी एकदाही बोलले नव्हते.

वेटरने रसासकट प्लेट नेली. मी समोर बघितलं. टीचर त्यांच्या वांग्याचा फोटो काढत होत्या. एक काढला, मग प्लेट थोडी फिरवून दुसरा. त्यांचे मिस्टर नॅपकिनने चष्मा पुसत होते. टेबलावर कोणीही आमच्याकडे बघत नव्हतं.

सहावी प्लेट आली तेव्हा अप्पा लगेच खायला लागले नाहीत. आधी इकडेतिकडे बघितलं, दुकानात नवीन गिऱ्हाईक काय बघतंय ते बघतात तसं. टीचरनी पाचव्या प्लेटमधलं अर्धं वांगं तसंच ठेवलं होतं. पलीकडच्या मुलाने दोन घास खाऊन प्लेट सरकवली होती. अप्पांनी सगळं बघून घेतलं. मग खाल्लं, आणि शेवटचा घास प्लेटच्या कडेला नीट, गोल करून ठेवला. चमचा आवाज न करता खाली ठेवला. माझ्याकडे कलून विचारलं, "आता बरोबर हाय?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. त्यांना वाटलं होतं, इथली रीत अशी आहे आणि ती मी त्यांना सांगायला विसरले.

मी मान डोलावली.

ग्लासावरचा हात एका क्षणाचा होता. ही मान मी चार वेळा डोलावली. सहाव्या, सातव्या, आठव्या प्लेटला, आणि नवव्या गोडालाही, जे त्यांना आवडलं होतं. प्रत्येक वेळी त्यांनी एक घास मागे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. शेवटी शेफ बाहेर आला, कसं वाटलं विचारायला. अप्पा उभे राहून म्हणाले, "लई छान. व्हेरी गुड."

स्कूटरवर मागे बसून अप्पा जुळे सोलापूरची वस्ती येईपर्यंत हसत होते. "टेक्स्टाइल म्हणालीस. त्यांना वाटलं असंल, मिल हाय माझी."

मीही हसले. मला वाटलं, अप्पा विसरले.

संध्याकाळी आईने पानं वाढली. आमटी, भाकरी, शेंगाची चटणी. अप्पांना भूक लागली होती, दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग भाकरीचा एक तुकडा आमटीत बुडवून ताटाच्या कडेला ठेवला आणि हात धुवायला उठले.

"हे काय?" आई म्हणाली. "जात नव्हतं तर सांगायचं की."

"जात होतं."

"मग?"

"सगळं पुसून खाल्लं की हावरट दिसतंय. जरा ठेवायचं असतंय." आणि माझ्याकडे बोट करून कौतुकाने म्हणाले, "हिनं शिकवलं आज."

आई माझ्याकडे बघत राहिली. "साठ वर्षं हावरट दिसला न्हाईत, आजच दिसला व्हय?" ती त्यांना म्हणाली, पण बघत माझ्याकडेच होती.

तीन दिवस हेच चाललं. सकाळी एक घास, रात्री एक घास. चौथ्या दिवशी अप्पा उठल्यावर मी त्यांचं ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि मोरीपाशी उभी राहिले. तो तुकडा खाल्ला. पाणी ओतलं, बोटाने फिरवलं आणि प्यायले. चौथीनंतर पहिल्यांदा. खारट, तिखट, मधेच ज्वारीचा कण दाताखाली आला.

आई भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, "चूक केलीस बारा माणसांसमोर. आणि प्रायश्चित्त मोरीपाशी?"

तिला ग्लासाचं कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी अप्पांसमोरच माझ्या ताटात पाणी ओतलं. सवय गेलेली, जास्त पडलं. ताट उचलताना हनुवटीवरून ओघळ कुडत्यावर आला.

"अगं, ताट धुतीस का पोहायला सोडतीस?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी त्या दिवशी चुकले."

"कुठल्या दिवशी?"

"तुमच्या ग्लासावर हात ठेवला."

त्यांच्या ताटात घास ठेवलेला होता. त्यांनी तो बोटाने थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवला. मग म्हणाले, "हाताचं काय न्हाय. पण मराठीत सांगितलं असतंस तरी कळलं असतं की मला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना देण्यासारखं नव्हतं. ते वाक्य मी त्यांच्यासाठी बोललेच नव्हते. समोरच्यांसाठी बोलले होते.

मी ताट खाली ठेवलं.

अप्पांनी घास उचलून खाल्ला. पाणी ओतलं, कडेकडेने बोट फिरवलं, प्यायले. आई आत काहीतरी पुटपुटली, बहुतेक कन्नडमध्ये, आणि भाकरी उलटली.

आता ते पूर्वीसारखंच ताट पितात. फक्त पेला उचलला की ओतायच्या आधी एकदा माझ्याकडे बघतात. पाव सेकंदसुद्धा नसेल. कदाचित त्यांना स्वतःलाही ते माहीत नसेल. पण हे बघणं आधी नव्हतं. तेवढ्या वेळात मी चटणीचा डबा जवळ ओढते आणि त्याचं झाकण, आधीच घट्ट असलं तरी, पुन्हा लावत बसते.