तोंडात धरलेला घोट

केंद्रात सगळेच तिला मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. पाणथळीत मासे धरून जगणारी रानमांजरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आईविना सापडलेली पिल्लं वाढवायची आणि पुन्हा पाण्याकाठी सोडायची, एवढंच त्या केंद्राचं काम. मासे कापणं, बादल्या घासणं आणि पिल्लांना खायला घालणं मावशीकडे होतं.

नियम एकच, पण कडक. आपण माणूस आहोत हे पिल्लाला कळू द्यायचं नाही. अंगात गवताचा वास मुरलेला झगा, तोंडाला फडकं, आणि मासा भिंतीतल्या नळीतून आत सोडायचा. बोलायचं तर नाहीच, खोकायचंही नाही.

मावशी झगा घालायची, फडकं बांधायची, बोलायची नाही. फक्त मासा सोडताना तिची जीभ टाळूला लागून ‘च् च्’ व्हायचं. आपली दोन्ही पोरं तिने असंच करून घास भरवत वाढवली होती. सुरुवातीला तिच्या ध्यानातही आलं नाही. आलं तोवर एक पिल्लू, मादी, त्या आवाजासरशी नळीपाशी येऊन बसायला लागली होती. मावशीला ते बरं वाटलं. फारच बरं वाटलं. घरी आता तिच्या हाकेला ओ देतं कोण?

“ही आधीच येऊन बसते. कुणीतरी आवाज देतंय हिला,” एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. माणूस मिळाला नाही तर भिंतीशी गप्पा मारणारा गडी.

“बाई, मी गातो ते फाटकापाशी. आणि माझा आवाज बायकोला आवडत नाही, मांजराला काय आवडणार?”

कुणी हसलं नाही. त्याला मागच्या गोदामावर धाडलं. जाताना तो मावशीपाशी थांबला. “मी इकडे फिरकतही नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे. सांगायचं होतंत.”

“माझं कोण ऐकतंय,” मावशी म्हणाली आणि धुतलेली बादली पुन्हा धुवायला घेतली. थोड्याच दिवसांत ते पिल्लू पाण्याकाठी जाणार, मग विषयच मिटला, अशी तिने मनाची समजूत घातली.

सोडायच्या दिवशी खोकं उचलायला पहारेकऱ्यालाही बोलावलं होतं. दार वर ओढलं. समोर लव्हाळं, पलीकडे पाणी. मांजरी बाहेर येईना. आणि मावशीच्या तोंडून, तिला कळायच्या आत, निघून गेलं, “च् च्.”

मांजरी बाहेर आली. पाण्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मावशीच्या बुटांपाशी येऊन बसली आणि मासा कुठंय म्हणून वर बघायला लागली.

डॉक्टरबाईंनी जाळं मागितलं. पहारेकऱ्याने आणून दिलं. “मावशी, जरा बाजूला व्हा,” एवढंच तो म्हणाला. त्याने चारचौघांत तोंडसुख घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“हिला आता सोडता येणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एका दारात मासा मिळाला म्हणून दुसऱ्या दारात जाईल, आणि तिथे काठी बसेल.”

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. “जनावराला लळा लागला तर त्यात लाज कसली? कौतुक आहे तुझं.” लेकीलाही त्याने फोन लावून हे कौतुक सांगितलं. मावशी नळ मोठा सोडून भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईंकडे गेली. “मला काढून टाका.”

“काढून काय करू? ती तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. सांभाळा आता.”

पहारेकरी फाटकावर परत आला. इतरांशी तो अजून तासन्‌तास बोलतो. मावशी आली की फाटक उघडतो आणि “या” म्हणतो.

नवी पिल्लं आली आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी मावशी पाण्याचा मोठा घोट तोंडात धरते. मासे सोडून माघारी येईपर्यंत तो गिळत नाही. बादलीची कडी वाजली की समोरच्या पिंजऱ्यातली मांजरी लगबगीने जाळीशी येते आणि आवाजाची वाट बघत बसते. तिला वाटतं, मावशी आपल्याकडेच आली. गाल फुगवलेली मावशी खाली बघत तिच्यासमोरून पुढे जाते.