निरीक्षकांच्या दृष्टीसमोर सहा मैल

ग्रामसेविकेच्या नेमणुकीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: सायकल चालवता येणे आवश्यक, तपासणी होईपर्यंत नेमणूक तात्पुरती. साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी बावीस वर्षांची होते, आणि आमच्या घरात सरकारी पगार आणणारी पहिलीच. वडील अकोल्याच्या गिरणीत होते. त्यांनी ही बातमी जठारपेठेत एकेका दुकानापाशी थांबून सांगितली होती. त्यामुळे ती ओळ मला खटकली तितकीच त्यांनाही खटकली.

सलग चार रविवार त्यांनी तासाच्या भाड्याने सायकल आणली आणि सीट मागून धरून माझ्याबरोबर धावले. पाचव्या रविवारी सोडली. मी थेट पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन आदळले, पण पडले नाही. ते म्हणाले, "झालं. आता सरकारले दाखव."

सरकारला दाखवायचा दिवस दिवाळीनंतर आला. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गटात तपासणीसाठी अमरावतीहून निरीक्षक यायचे होते. मी आदल्या संध्याकाळी पिशवी भरली: पंप, पाना, पंक्चरचं सामान, सुतळी, पदर टाचायला चार पिना, फुटाणे आणि गूळ. सायकल लेडीज होती, मागच्या चाकाला जाळी बांधलेली. साडीची काळजी मिटली होती. एवढी तयारी असल्यावर काही चुकेल असं मला वाटत नव्हतं.

निरीक्षक साहेब बैलगाडीतून आले. पॅन्ट, कोट, टोपी, छत्री आणि मांडीवर फाइल. मी विचारलं, "साहेब, आपली सायकल?"

"मला सायकल येत नाही," ते म्हणाले. "येणं आवश्यक तुम्हाला आहे."

मग त्यांनी फॉर्म वाचून दाखवला. उमेदवाराने गावापासून तलावाच्या काठाने आणि पळसाच्या बनातून पलीकडच्या गावापर्यंत सहा मैल अंतर पार करावे. सर्व अंतर निरीक्षकाच्या दृष्टीसमोर पार व्हावे. कुठेही उमेदवार दृष्टीआड झाल्यास तपासणी अपूर्ण समजावी. अपूर्ण म्हणजे नेमणूक संपली, हे त्यांनी वेगळं सांगितलं. आवाज वाईट नव्हता, पण ऐकताना माझ्या हाताखालची सायकलची घंटी आपोआप वाजली.

आता अडचण अशी, की बैलांपेक्षा हळू सायकल चालवता येत नाही. पडायला होतं. मी थोडं पुढे जायचे की मागून साहेब ओरडायचे, "बाई, लहान दिसताय!" मग मी वळायचे, गाडीला एक फेरा घालायचे आणि परत पुढे जायचे. असे मी मोजून एकवीस फेरे घातले. डावा बैल प्रत्येक वेळी मान वळवून माझ्याकडे बघायचा. गाडीवान म्हातारा शेतकरी होता. बाराव्या फेऱ्याला तो म्हणाला, "बाई, माया बैलाले चक्कर येऊन रायली व."

"मलाही येतेय, काका."

"मंग तुमी बी गाडीतच बसा न. सायकल मांगून बांधू."

साहेब म्हणाले, "ते चालणार नाही."

वाट खरं तर फार सुरेख होती. काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या, पण तलावाकडच्या अंगाला अजून ओल होती आणि गवत गुडघ्याएवढं. बगळे उभे होते. टिटवी आमच्यावर ओरडत होती. तलावाशी वाट दुभंगली. गाडीवान म्हणाला, "साहेब, काठानं नको. वरच्या पांदीनं जाऊ. काठ अजून वला हाय."

"फॉर्ममध्ये काठाने आहे."

"फारम कोनं पाह्यला, तलाव मी पाह्यला."

गाडी काठानेच गेली. शंभर पावलांत डावं चाक आसापर्यंत चिखलात बसलं, मग उजवंही. बैलांनी दोनदा जोर केला आणि मग ज्या शांतपणे ते उभे राहिले, त्यावरून त्यांचा निर्णय झालाय हे कळलं. मी कडेच्या कोरड्या बांधावर सायकल धरून उभी होते. दुसरी बैलजोडी लागणार होती, आणि ती पलीकडच्या गावातून, पळसाच्या बनापलीकडून आणावी लागणार होती. दीड मैल.

मी म्हटलं, "मी जाऊन सांगते."

साहेबांनी फाइल उघडली. "गेलात तर बनात दृष्टीआड व्हाल. तपासणी अपूर्ण."

"आणि नाही गेले तर?"

त्यांनी फॉर्मवरून पुन्हा बोट फिरवलं. "तर सहा मैल पुरे होणार नाहीत. तरीही अपूर्ण." मग म्हणाले, "नियम मी केलेला नाही, बाई."

गाडीवानाला जायला सांगितलं तर तो म्हणाला, "मी बैल सोडून लग्नाले बी गेलो नाई." साहेबांना चालत जायला सुचवलं तर त्यांनी पाण्याकडे बघून जळवांविषयी विचारलं. गाडीवान म्हणाला, "हायेत न. चांगल्या पोसलेल्या हायेत."

बगळे आमच्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर जठारपेठेतली दुकानं ओळीने येत होती, आणि प्रत्येक दुकानापाशी थांबून वडील आता काय सांगतील ते. पिशवीतलं सगळं सामान मी मनात पुन्हा तपासलं. पंप, पाना, सुतळी. कशाचाच उपयोग नव्हता. मग सायकलवरच नजर गेली.

"साहेब, कॅरिअरवर बसा."

त्यांना ऐकूनच ठसका लागला. बाईमाणसाच्या मागे, गावात, लोकांसमोर! गाडीवान म्हणाला, "तोंड मांगल्या बाजूनं करून बसा मंग. मंग तुमी तिच्या मांगं नाई, ते बाई तुमच्या मांगं."

हा मुद्दा साहेबांना पटला. गाडीवानाने त्यांना पाठीवर घेऊन बांधावर आणलं. "कापसाच्या गाठोड्याहून हलके हायेत साहेब," तो म्हणाला, आणि साहेब म्हणाले की आपण उचलायला सांगितलेलं नाही, हे लक्षात असू द्यावं.

ते कॅरिअरवर उलटे बसले. पाय दोन्ही बाजूंना, फाइल मांडीवर, छत्री उघडी. मी सीटवर बसले. पहिल्या दहा हातांत तीन वेळा तोल गेला, मग चाक सरळ झालं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, एक अडचण आहे. मला तुम्ही दिसत नाही."

"मी इथेच आहे."

"ते ऐकू येतंय. दिसत नाही. चालवताय ना?"

"चालवतेय."

"मला गाडीवान दिसतोय. लहान होतोय."

पळसाच्या बनात वाट मऊ होती. वाळक्या पानांवरून चाकांचा कुरकुर आवाज येत होता आणि ऊन तुकड्यातुकड्यांनी पडत होतं. साहेब म्हणाले, "टिटवी गेली." थोड्या वेळाने, "आता मोर. दोन." एक उतार लागला तेव्हा त्यांनी छत्री मिटली आणि माझ्या मागे एक बारीकसा आवाज आला. हसू होतं की भीती, ते मी विचारलं नाही.

गावात शिरलो तेव्हा विहिरीवर बाया होत्या. एक म्हणाली, "अवो माय, साहेब उलटे काहून आले?" दुसरी म्हणाली, "जायाच्या वक्ती सीधे जातीन."

पाटलांनी लगेच बैलजोडी पाठवली. साहेबांनी बाज मागितली, बसले आणि फॉर्म पुढे घेतला. 'उमेदवार दृष्टीसमोर होता काय' या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. मी हात बांधून उभी. ते खोटं लिहिणारे नव्हते, हे एव्हाना मला कळलं होतं, आणि तीच भीती होती.

"मी तुम्हाला सायकल चालवताना शेवटचा दीड मैल पाहिलं नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

"मी काय पाहिलं?"

"टिटवी. दोन मोर."

"रस्ता पाहिला," ते म्हणाले, आणि लिहू लागले. मी ते उलट्या बाजूने वाचलं: 'रस्ता सतत मागे जात होता. निरीक्षक स्वतः चालत नव्हता. त्याअर्थी सायकल पुढे जात होती व ती उमेदवार चालवीत होती. तपासणी पूर्ण.'

महिन्याभराने अमरावतीहून शंका आली: निरीक्षक कोणत्या वाहनाने होते? साहेबांनी एका शब्दात उत्तर पाठवलं: त्याच. त्यानंतर शंका आली नाही, नेमणूक कायम झाल्याचं पत्र आलं.

ते पत्र घेऊन मी अकोल्याला गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. फेरे, चिखल, मोर. ते बैलांपाशीही हसले नाहीत आणि उलट्या साहेबापाशीही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "सीट कोनी धरली होती काय?"

"नाही."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पत्र खिशात घालून बाहेर पडले. जठारपेठेतली दुकानं अजून उघडी होती.