उजाड कातळाची पाहणी

माझ्या आतोबांनी आजवर एकही डोंगर पुरता चढलेला नाही, तरी कर्जत-खालापुरातले डोंगर त्यांच्याइतके पाहिलेला माणूस सापडणार नाही. पहिल्याच कातळापाशी ते पालथे पडतात, खिशातून भिंग काढतात आणि जेवणवेळ टळेपर्यंत शेवाळ बघत राहतात. मोहोपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी फ्लॅट घेतले. यांनी भिंग घेतलं. कॉलनीची भिंत घासायला माणूस आला तर हे भिंतीला पाठ लावून उभे. "अहो, बुळबुळीत झालीय ती," आत्या म्हणाली. "भिंतीवरून कोण चालतंय?" डोंगर वाचवायच्या आमच्या मोर्चातही ते घोषणा देता देता मध्येच वाकतात आणि मागची रांग त्यांच्यावर आदळते.

लोधिवलीमागचा डोंगर रिसॉर्टला द्यायचं घाटत होतं, तेव्हा मी पत्रकावर बिबट्या छापला. आतोबा खवळले. "बिबट्या उद्या माथेरानला जाईल. शेवाळ कुठं जाईल गं?" शेवाळाच्या फोटोखाली लोक सह्या करत नाहीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. तिकडे बिल्डरच्या सल्लागारांनी भर उन्हाळ्यात पाहणी करून लिहिलं होतं: उजाड कातळ, वनस्पती नाही. उन्हाळ्यात हे लोक धरणालाही खड्डा म्हणतील.

पुरावा म्हणून शेवाळ खरवडून तहसील कचेरीत न्यायला आतोबांनी साफ नकार दिला. मग भांडून तिथल्या साहेबांनाच डोंगरावर आणावं लागलं, तेही मे महिन्यात. कातळ करपलेला, साहेब घामाघूम. आतोबांनी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, साहेबांचीसुद्धा, आणि कातळावर रिकाम्या केल्या. वाट दाखवायला आलेली ठाकूरवाडीतली बाई म्हणाली, "काका, मानसांना प्यायला पानी नाय, आन् तुमी दगडाला पाजताय."

"त्याची तहान आपल्या आधीची गं."

बघता बघता तपकिरी पापुद्रे उलगडले. पोपटी, काळपट, सोनेरी. लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी आतोबांनी एकेका शेवाळाची ओळख करून दिली. साहेबांनी सेल्फी काढला, आणखी पाणी आहे का विचारलं आणि शेरा मारला: किरकोळ हिरवळ आढळली, पावसाळ्यात फेरपाहणी करावी, तोवर काम थांबवावं.

त्या 'किरकोळ'वर मी पत्रक काढणारच होते. "राहू दे," आतोबा म्हणाले, "एक पावसाळा तर मिळाला."

आता पाऊस ओसरत आलाय आणि फेरपाहणीला कुणी फिरकलेलं नाही. आतोबा रोज रिक्षा करून लोधिवलीला जातात. "कशाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"साहेब आले आणि घरचं कुणीच नसलं, तर बरं दिसत नाही गं."

कातळ कडेकडेने सुकायला लागलाय. हल्ली मीही सोबत जाते.