देवदूताच्या फ्रॉकवरचे खडे

लग्न होऊन जालन्याहून सुरतेच्या उधन्याला आले, तेव्हा मला जगाची भलतीच धास्ती होती. जगात राहायचं पण जगाचं व्हायचं नाही, असं आमच्या चर्चचे पाळक दर रविवारी बजावायचे आणि मी ते अगदी इमानदारीनं पाळायचे. गल्लीत गणपतीचा मंडप लागला की माझं दार बंद. प्रसाद आला की हात जोडून नको म्हणायचं. सिरियल बघायची नाही, पत्त्यांच्या डावाला बसायचं नाही. खरं सांगायचं तर, आपण किती वेगळ्या याचं मला फार कौतुक होतं.

गल्लीतल्या बायका त्यावरून चिडवायच्या, पण कामाला हाक मारायला विसरायच्या नाहीत. शेजारच्या मावशी धुळ्याकडच्या. त्यांच्या ओट्यावर आम्ही सहा-सात जणी साड्यांवर खडे चिकटवायला बसायचो. सगळ्या गल्लीला माल यायचा तो मावशींच्या शब्दावर. साडी पुरी झाली की त्या ती उलगडायच्या आणि कमरेला खोचतात त्या भागावरून तळहात फिरवायच्या. हात मारायची जागा तीच. नेसल्यावर तो भाग दिसत नाही, तिथे खडे विरळ लावले की मूठभर सहज उरतात. माझी साडी मात्र त्या न उलगडताच गठ्ठ्यात ठेवायच्या.

"हिनं काय देखनं," म्हणायच्या.

त्या वर्षी नाताळच्या नाटिकेत माझ्या मुलीला देवदूत केलं होतं. आदल्या वर्षी मंडळीतल्या एका मुलीचा फ्रॉक असा काही चमकला होता, की माझी पोर उपासनाभर तिकडेच बघत बसली. ते माझ्या मनात सलत होतं. मी पांढरा फ्रॉक शिवायला घेतला आणि साड्यांवरचे खडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठू लागले. मला कोण तपासणार होतं? तीन साड्यांत फ्रॉकचा गळा भरला, बाह्याही भरल्या. देवाच्याच कामाला लागताहेत, अशी मी मनाची समजूत घातली. ती लगेच पटलीसुद्धा!

आठवड्यानं माल देणारा माणूस तीन साड्या घेऊन ओट्यासमोर उभा राहिला.

"पार्टीने वापस भेजी है. किसका काम है, बोलो. नहीं तो कल से इस गली में माल बंद."

साड्यांवर कुणाची खूण नव्हती. बायकांच्या नजरा वर्‍हाडातून नव्यानं आलेल्या सुनेकडे वळल्या. ती बिचारी "माह्या गळ्याची शपथ, म्या नाही केलं" म्हणत रडायलाच लागली. कुणीतरी माझ्याकडेही बघितलं असावं, कारण मावशी एकदम उसळल्या.

"तिनाकडे देखू नका! ती तशी नही शे. घर उघडं टाकीसन मी बजारले जास, तिना भरोसावर."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मंडपापुढे दार लावून मी ज्या जगाला बाहेर ठेवलं होतं, ते माझ्याच शिलाई मशीनच्या खणात आरामात बसलं होतं. मी उठले, घरातून फ्रॉक आणला आणि मावशींच्या मांडीवर ठेवला.

"माझं काम आहे मावशी. तिन्ही साड्या माझ्याच."

मावशींनी फ्रॉक उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. त्या माणसाला त्या म्हणाल्या, "शाम को ले जाना." मग माझ्याकडे वळल्या.

"आते रडू नको. नखं शेतस ना तुले? बठ, खडा काढ."

मी काढायला बसले, तशी ती वर्‍हाडातली सूनही डोळे पुसून शेजारी बसली. मग सगळ्याच बसल्या. संध्याकाळपर्यंत फ्रॉकवरचे खडे साड्यांवर परत गेले आणि गल्लीचं काम टिकलं. जिच्यावर आळ आला होता तीच माझ्यासाठी खडे सोलत होती. तिचे उपकार मी कसे विसरू?

माझी पोर गोंदाचे ठिपके पडलेल्या फ्रॉकमध्ये देवदूत झाली. मावशी डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि नाटिका संपल्यावर सर्वांत मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

प्रसाद मी अजूनही खात नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. दार मात्र आता उघडं असतं.

नाताळनंतर नवा माल आला. माझी पहिली साडी झाली, ती मी मावशींपुढे ठेवली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग साडी उलगडली आणि खोचायच्या भागावरून सगळ्यांच्या साडीवरून फिरवतात तसाच तळहात फिरवला. मनातल्या मनात मी देवाचे आभार मानले आणि दुसरी साडी घ्यायला हात पुढे केला.