आधी घर, मग माणूस

कुठलाही माणूस नुसता भेटत नाही, घरादारासकट आणि परसासकट भेटतो, असं माझ्या थोरल्या नणंदेचं ठाम मत. आणि ज्याचं परस त्यांना दिसलं नाही, तो त्यांच्या लेखी अजून जन्मालाच आलेला नाही. रावेरकडची केळीची बाग, बागेतलं घर आणि गावच्या वाचनालयातली एकूण एक कादंबरी, एवढा अक्कांचा संसार. पण वाचायची रीत त्यांची त्यांचीच. गोष्ट लंडनात घडो की कलकत्त्यात, अक्का आधी सगळ्या पात्रांना आपल्या गावात घरं वाटून देत, मगच दुसरं पान उलटत. खुनी कायम गिरणीमागच्या खोलीत. "तिथं ऊनच येत नही व माय, भला माणूस बी खून करीन." त्या खोलीत खरोखर राहणारे दवाखान्यातले कंपाउंडर फार सज्जन होते. अक्का आपल्याला पाहून रस्त्याच्या पलीकडे का जातात, हे कोडं घेऊनच ते बिचारे बदलून गेले.

माझ्या मुलीसाठी जळगावचं एक स्थळ पाहायला त्यांना बरोबर नेलं, तर मुलाकडे ढुंकूनही न पाहता अक्का थेट मागच्या अंगणात. परत आल्या त्या निकाल घेऊनच. "कपडे वाळवायची दोरी बाईमाणसाच्या हाताला येईल अशी खाली बांधली हाये. देऊन टाक पोरगी." दिली. सुखात आहे.

त्या काळी मी धुळ्यात, देवपुरात राहत होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. उन्हाळ्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन मी धुक्यातल्या देवदारांची वर्णनं करी. देवदार झाड की वेल, हे मात्र मला कुणी विचारायचं नाही. अक्कांना खूश करावं म्हणून एकदा मी गोष्टीत केळीची बाग घातली. नायिका शुभ्र पांढऱ्या साडीत बागेत शिरते, दाट केळींमधून वाट काढत प्रियकराला भेटते आणि तितक्याच शुभ्र साडीत बाहेर येते. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून ट्रंकेतलं आपलं एक जुनं लुगडं काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. पदरभर काळपट डाग. केळीचा चीक तो. लुगडं विरतं, डाग जात नाही. "तुही बाई बागेत गेलीच नही," त्या म्हणाल्या. "गेली असती तं बाग तिच्या अंगावर दिसली असती." मी चुलीपुढे बसून रडले, आणि मग नायिकेला काळी साडी नेसवली. मला वाटलं, प्रश्न मिटला!

पुढच्या गोष्टीत मी नरडाणा स्टेशनावर निरोप घडवला. नायकाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून नायिका गाडीतून खाली उतरते, वगैरे. अक्का त्यासाठी रावेरहून आल्या, एसटीनं नरडाण्याला गेल्या, दुपारभर फलाटावर बसल्या आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत धुळीनं माखून माझ्या दारात उभ्या.

"तिथं वारा एवढा, का सगयाच्याच डोयात पानी. तुह्या बाईला कसं कळलं, हाच रडतो म्हनून?"

"मग काय करू आता?"

"कळूच नको देऊ. जाऊ दे तिला."

मी जाऊ दिलं. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मला बरी जमली.

पुढे त्यांचे यजमान गेले, पाठोपाठ गुडघे गेले. मुलानं बाग दुसऱ्याला कसायला दिली आणि आईला पुण्याला, अकराव्या मजल्यावरच्या आपल्या घरी न्यायचं ठरवलं. मुलगा गुणी आहे. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. निघण्याआधी अक्कांनी मला बोलावून घेतलं. चहा झाल्यावर म्हणाल्या, "तू लिहिनारी. मला सांग, इथून काढून तिथं ठेवल्यावर मी कोन राहीन?" मी थट्टेला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर त्या हसत नव्हत्या.

"लिहून बघते," मी म्हटलं.

लिहून पाहिलं. बिल्डिंगभर वांग्याचं भरीत वाटणारी अक्का लिहिली, लिफ्टमध्ये लोकांच्या सोयरिकी जुळवणारी लिहिली. सगळ्या खोट्या, देवदारासारख्या. शेवटी एक वाक्य हाती राहिलं, ते घेऊन थंडीत पुण्याला गेले.

सून दारातच हळू आवाजात म्हणाली, "मामी, आई आल्यापासून पुस्तकाला हात लावत नाहीत." मी अक्कांना विचारलं. पदराचं टोक चाळवत त्या म्हणाल्या, "वाचायला घेतलं का सगये लोक गावात राहायला जातात. पुस्तक मिटलं, का मी एकलीच इथं."

मी पिशवीतून कागद काढला आणि वाचलं, "अकराव्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती."

"खिडकी कोन्या अंगाला?" अक्कांनी ताबडतोब अडवलं.

"मला काय माहीत! घर तुमचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकी कुठल्या दिशेला, ते इतक्या महिन्यांत त्यांनीही पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर हात रेटून त्या उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. उन्हं उजव्या हाताला उतरत होती.

"दक्षिन," त्या म्हणाल्या. "म्हनजे गाव पाठीमागं राहिलं." मग परत येऊन त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत फिरवली. "लिही. ती म्हातारी खिडकीकडं पाठ करून बसते. सून म्हनते, उजेड सोसत नही तिच्या डोयांना."

"आणि खरं कारण?"

"ते नको लिहू."

समोर कोरी भिंत होती. अक्का तिच्याकडे पाहत निवांत बसल्या. थोड्या वेळानं मीही माझी खुर्ची फिरवून घेतली.