बांधलेलं तितर

मी आयुष्यात एकच शिकार केली, आणि तीही दोरीनं बांधलेल्या पाळीव तितराची. हे ऐकून नात इतकी हसली की तिच्या हातातला मोबाईल खाली पडला. हसू दे. पण पुढचा भाग मी तिला सांगितलेला नाही. तो इथं लिहिते.

तेव्हा मी पंचविशीची, अमळनेरकडून लग्न होऊन सुरतेत लिंबायतला आलेली, आणि स्वतःला भलतीच हुशार समजणारी. साड्यांना टिकल्या चिकटवायच्या कारखान्यात माझ्या शेजारी शांता बसायची. ती उमरपाड्याकडची, म्हणजे सुरत जिल्ह्याच्या जंगलातल्या टोकाची. एकदा डबा खाताना ती म्हणाली, तिचे वडील तितर बोलावतात. पाळलेला नर माळावर बांधायचा. तो ओरडला की रानातला नर भांडायला धावून येतो, आणि आडोशाला बसलेला माणूस त्या आगंतुकावर बाण सोडतो.

"मला ने. पहिल्या बाणात पाडून दाखवते!" मी सगळ्या बायांसमोर म्हणाले. शिकारीला तेव्हाही बंदी होती. ती गोष्ट आम्ही दोघी सोयीनं विसरलो.

निघताना नवरा म्हणाला, "वाघ मारीसन ये!" (वाघ मारून ये!)

मी नेसले काय, तर टिकल्यांची केशरी साडी. बसमध्ये शेजारच्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लगनमां जाओ छो, बेन?" (लग्नाला निघालात का, ताई?)

"शिकारीला," शांता म्हणाली. ती बाई पुढच्या थांब्यापर्यंत पदराआड हसत होती. झंखवावला बस थांबली तेव्हा मेथीचे गरम गोटे (भजी) खाल्ले, जीभ भाजली, तरी बडबड थांबली नाही. पुढं सागाचं रान लागलं. थंडीचे दिवस, पानं सुपाएवढी आणि कडांनी वाळत आलेली. शेवटची वाट पायी होती. त्या वाटेवर माझ्या उंच टाचेच्या चपलेनं राम म्हटला.

शांताचे वडील रामजीकाका अंगणात पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले होते. शांताची आई गेल्यापासून घरात ते आणि ते तितर, दोघंच. अंडं कोंबडीखाली उबवून त्यांनी ते वाढवलं होतं. त्याला ते 'भाई' म्हणायचे. रोज पहाटे ते ओरडायचं तेव्हा काका उठायचे. रात्री त्यांनी ज्वारीचा रोटला आणि उडदाची दाळ वाढली. पहाटे भाईला आमच्या हाती देताना एवढंच बोलले, "सांभाळून."

माळावर शांतानं सागाच्या फांद्यांचा आडोसा केला. माझ्या टिकल्या चमकत होत्या म्हणून काकांची घोंगडी माझ्या अंगावर टाकली. भाईच्या पायाला लांब दोरी बांधून त्याला झुडपाजवळ सोडलं. काकांचं धनुष्य माझ्या हातात होतं. बाणाला टोक नव्हतं, लाकडाची गोळी होती; पक्ष्याला तेवढी पुरते.

"कडेनं येईल तो रानातला," शांता कुजबुजली. "मी कोपर दाबते, मगच सोड. तोवर नाही. कळलं?"

"कळलं गं. मी काय कुक्कुबाळ आहे?"

भाईनं मान ताणून हाक दिली. लांबून उत्तर आलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, आता जवळून. भाई झुडपामागं गेला. तेवढ्यात झुडपाच्या दुसऱ्या कडेनं एक गुबगुबीत तितर ऐटीत बाहेर आलं.

कोपर कुणी दाबलं नाही. मी बाण सोडला.

"लागला!" मी ओरडले. रानातला नर पलीकडून भुर्रकन उडून गेला. मग मला गवतातली दोरी दिसली.

शांतानं गाठ सोडली आणि भाईला पदरात घेतलं.

परतलो तेव्हा काका ओट्यावर होते. समोर खापराच्या तुकड्यावर उधई (वाळवी). भाईला आवडायची, म्हणून वारूळ खणून आणली होती. त्यांनी पदराकडं पाहिलं. खापर बाजूला सरकवलं.

"कोणाच्या हातनं?"

शांतानं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. कारखान्यात चुरूचुरू चालणारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी साडीवरची एक सुटत आलेली टिकली नखानं दाबत राहिले.

"माझ्या," शांता म्हणाली.

काकांनी भाईला मोहाच्या झाडाखाली पुरलं. दुपारी पहिला रोटला मला वाढला, कारण मी पाहुणी. आणि मी तो खाल्ला, हे सुद्धा लिहिते.

परतीच्या बसमध्ये शांता खिडकीबाहेर बघत होती. कारखान्यात बायांनी विचारलं तेव्हा मीच घाईनं म्हणाले, "पक्षी आलाच नाही." दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं जातं. शांता माझ्या शेजारीच बसत राहिली. डबा मात्र एकटी खायची. नेमबाज म्हणवणारी मी त्या आडोशातून कितीतरी दिवस बाहेर आलेच नाही.

दोन महिन्यांनी काका डोळे दाखवायला सुरतेला आले. शांता कामावर होती आणि माझी त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून दुपारी आमच्या खोलीवर टेकले. मी चहा ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवतील. मी दोन्हीला तयार होते.

काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते मला त्याच सकाळी समजलं. तितर मी दुसरं पाळीन, बेन. पण माझी पोरगी त्याआधी माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती."